बाउंडरी वॉटर्समध्ये पाच दिवस : कनू, गळ आणि ग्राउजची शिकार. आखणी तपासून द्याल का?

कर्लीकाठ :

नमस्कार मंडळी,

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून बाउंडरी वॉटर्सचं राखीव रान आहे. तिथे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कनूने (वल्ह्यांच्या हलक्या, अरुंद होडीने) जाऊन पाच दिवस राहायचं मनात आहे. मासे पकडायचे आणि जमलं तर ग्राउज या रानकोंबडीसारख्या पक्ष्याची शिकारही करायची.

आम्ही तिघं. मी मिनिआपोलिसला असतो, ग्रीन कार्ड आहे, बंदूक-सुरक्षेचा कोर्स करून मिनेसोटाचं प्रमाणपत्र घेतलंय आणि बारा बोअरची एक बंदूक माझ्या नावावर आहे. मेव्हणा डॅलसला, एच-वन-बीवर. तिसरा माझा आतेभाऊ. तो मालवणहून टुरिस्ट व्हिसावर येतोय. पाण्याची त्याला जराही भीती नाही, लहानपणापासून गरी टाकतोय, पण थंडी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही.

ठरवलेली वाट अशी : एली गावाहून फर्नबर्ग रोडने लेक वन. पहिल्या दिवशी लेक थ्री. दुसऱ्या दिवशी लेक फोर, हडसन करत इन्सुला. तिसऱ्या दिवशी ॲलिस. चौथ्या दिवशी परत इन्सुला, पाचव्या दिवशी बाहेर. वाटेत वॉलआय आणि पाईक हे मासे, जमल्यास एक दिवस लेक ट्राउट मासा. सकाळी ग्राउज, संध्याकाळी बदकं.

शंका बऱ्याच आहेत. मेव्हण्याने माझी बंदूक हातात घेतली तर चालेल का? कनूत बंदूक कशी न्यायची? बदकांसाठी वेगळं काही लागतं का? आणि शिधा किती न्यावा? आतेभाऊ म्हणतो, मासे मिळणारच, मग एवढं ओझं कशाला? तो मिरची-मसाला, तिरफळं आणि आगळाची बाटली घेऊन येणार आहे.

जाणकारांनी वेळ काढून सांगावं. यात काही चुकत असेल तर मोकळेपणाने सांगा.


डोंगेवाला :

कर्लीकाठ, आधी मनापासून अभिनंदन. आपली माणसं उत्तरेला येतात ती बहुधा सुपीरिअर सरोवराचा किनारा आणि धबधबे बघून मागे फिरतात. तुम्ही आत जायचं म्हणताय याचा फार आनंद झाला. मी मूळचा नवेगाव बांधाकडचा. तिथल्या तलावांवर ढिवरांच्या डोंग्यात बसून वाढलो आणि आता बरीच वर्षं ड्युलुथला आहे. या पाण्याचा मला लळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मेव्हण्याची, कारण तिच्यात चूक झाली तर ती सहल संपल्यावरही संपत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, अठराव्या संहितेच्या कलम 922 प्रमाणे, बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी त्यात येतो, टुरिस्ट व्हिसाही येतो. बंदूक कोणाच्या नावावर आहे याला इथे महत्त्व नाही. हातात घेतली, खांद्यावर टाकली, की ती 'जवळ बाळगली' असं धरलं जाऊ शकतं. या मनाईला काही अपवाद आहेत आणि तुमच्या कामाचा त्यातला एक : त्या माणसाकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना असेल तर ही मनाई लागू होत नाही. म्हणून मेव्हण्याने आधी परवाना काढायचा आणि मगच बंदुकीला हात लावायचा. हा क्रम उलटा होता कामा नये.

परवान्यासाठी त्यालाही कोर्स लागेल. मिनेसोटात 31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्या कोणालाही बंदूक-सुरक्षा प्रमाणपत्राशिवाय सहसा शिकारीचा परवाना मिळत नाही. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. त्याने तो टेक्सासमध्ये करून ठेवावा, दुसऱ्या राज्याचं प्रमाणपत्र इथे चालतं. मग मिनेसोटाचा अनिवासी लहान-शिकार परवाना घ्यावा. हे सगळं उन्हाळ्यातच उरकून टाका आणि त्याच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा लेखी विचारून घ्या. मी कायद्याचा माणूस नाही, पण एका बंदुकीपायी एखाद्याचं इथलं बस्तान उठावं असं मला वाटत नाही, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

आतेभावाला बंदुकीपासून पूर्ण लांब ठेवा, सामान उचलतानासुद्धा. अनिवासी मासेमारी परवाना मात्र त्याला घेता येतो, आणि गरी टाकणारा माणूस आहे म्हटल्यावर त्याची सहल त्यातच सार्थकी लागेल. तिघांनाही मासेमारीचे आपापले परवाने लागतील.

आता वाट. स्पष्ट सांगतो, ॲलिस सोडा, इन्सुलाही सोडा. पाच दिवसांत ॲलिसला जाऊन येता येतं, नाही असं नाही, पण मग तुम्ही वल्ही मारायला आलात, मासे आणि शिकार नावापुरती. रोज तंबू उपटायचा, सामान बांधायचं, वाहायचं, पुन्हा तंबू ठोकायचा. सप्टेंबरअखेरीस दिवस जेमतेम बारा तासांचा असतो. त्यात सकाळचे आणि संध्याकाळचे दोन-दोन तास माशांच्या आणि पक्ष्यांच्या हालचालीचे, आणि नेमके तेच तुमचे बांधाबांधीत जाणार.

शिवाय वारा. या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून वाहतो. तुमची जायची वाट पूर्वेकडे आहे, म्हणजे जाताना वारा पाठीशी. तो ढकलत नेतो आणि आपण फार लवकर पोचलो असं वाटतं. परतीला तोच वारा तोंडावर, आणि शेवटच्या दिवशी हात दमलेले. लेक थ्रीचं पाणी उघडं आहे, तिथे वारा उठला की लाटा कनूच्या काठाला लागतात. अशा वेळी किनाऱ्याला लागून थांबायचं आणि वारा पडायची वाट बघायची. यासाठी हातात एक मोकळा दिवस असलाच पाहिजे. 'सोमवारी ऑफिस आहे' या कारणाने भरवाऱ्यात तलाव ओलांडणारी माणसं मी बघितली आहेत. तसं करू नका.

माझी सूचना : लेक फोरवर तळ ठोका आणि चारही रात्री तिथेच राहा. लेक वन ते लेक टू दोन लहान पोर्टेज (कनू आणि सामान खांद्यावर घेऊन चालायच्या वाटा) आहेत, एक 30 रॉडचं आणि एक साधारण 40 रॉडचं. रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूची लांबी, आणि इथल्या नकाशांवर पोर्टेजचं अंतर रॉडमध्येच लिहितात. म्हणजे ही दोन्ही मिळून साडेतीनशे मीटरच्या आसपास. तिथून पुढे टू, थ्री, फोर हे तलाव एकमेकांना जोडलेले आहेत, सामान उतरवावं लागत नाही. लेक वनवर मात्र नकाशा मांडीवर उघडा ठेवा. बेटं आणि खाड्या इतक्या आहेत की सरळ जाणारा माणूस हमखास भलत्याच खाडीत शिरतो.

लेक फोरच का, ते सांगतो. फोर आणि हडसनच्या मध्ये काविशिवी नदी अरुंद होऊन खळाळत येते, तिथे तीन छोटी पोर्टेज आहेत. वाहतं पाणी जिथे तलावात उतरतं तिथे वॉलआय थांबतो. तळापासून अर्ध्या-पाऊण तासात तिथे पोचता. अष्टमांश किंवा पाव औंसाचा जिग (वजन जोडलेला गळ), आठ पौंडी दोरा, त्याला जळू किंवा छोटा मासा. जिग तळाला टेकू द्यायचा, हळूच उचलायचा, पुन्हा टेकू द्यायचा. वॉलआयचा झटका नसतो, दोरा नुसता जड लागतो. हे आतेभावाला आधीच सांगून ठेवा, कारण खाडीतल्या माशाच्या ओढीची सवय असलेला माणूस झटक्याची वाट बघत बसतो आणि मासा आमिष खाऊन निघून जातो. पाईकसाठी गवताळ खाडीच्या तोंडाशी लाल-पांढरा चमचा (चमकतं धातूचं आमिष) फेका आणि पुढे तारेचा तुकडा लावा, नाहीतर त्याचे दात दोरा कापतात. पाईकला इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात, ते सोडवून मांस काढायची रीत घरी एकदा व्हिडिओवर बघून घ्या.

राज्याच्या नियमाप्रमाणे वॉलआय माणशी ठरावीकच घेता येतात, त्यात 20 इंचांवरचा फक्त एक. ईशान्य विभागात पाईक माणशी दोन, आणि 30 ते 40 इंचांमधला सोडून द्यायचा. परवाना घेताना त्या वर्षाची पुस्तिका मागून घ्या, तिच्यात असेल ते खरं. पोटभर झाले की थांबा. घरी न्यायचे असतील तर तुकड्यांवर एक इंच चौरस कातडी ठेवावी लागते, मासा कोणता ते ओळखू यावं म्हणून.

लेक ट्राउटचा नाद या खेपेला नको. तो खोल, थंडगार पाण्याचा मासा आहे. स्नोबँक, नाइफ, सीगल, सगनागा अशा तलावांत तो असतो, तुमच्या साखळीत नाही.

आता ग्राउज. 2011 च्या ऑगस्टमध्ये पगामी क्रीकजवळ वीज पडून आग लागली. 12 सप्टेंबरला ती वाऱ्यावर एका दिवसात सोळा मैल पूर्वेला धावली आणि अखेर सुमारे 92,000 एकर रान जळालं. लेक थ्रीपासून इन्सुलापर्यंतच्या दक्षिण किनाऱ्यावर ते अजून ओळखू येतं. काळे वासे उभे आणि खाली दाट कोवळी झाडी. ॲस्पेनच्या झाडांचं असं कोवळं रान रफ्ड ग्राउजला फार मानवतं. म्हणजे मासे आणि पक्षी दोन्ही तुमच्या तळापासून हाकेच्या अंतरावर आहेत. मग पुढे ॲलिसपर्यंत कशासाठी धावायचं?

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. रोजची मर्यादा पाच, रफ्ड आणि स्प्रूस ग्राउज मिळून. पक्षी गावरान तलंगेएवढा, मांस पांढरं. कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा निदान एक कपडा दिसेल असा हवा. शिकारीला जाणाऱ्या दोघांनाही. आतेभावानेही घालावा, नियम नसला तरी.

बंदुकीचे नियम पाठ करा : तंबूच्या जागेपासून किंवा माणसांचा वावर असेल तिथून 150 यार्डांच्या आत बार काढायचा नाही, आणि पाण्यावरून आडवाही नाही. माझा स्वतःचा नियम याहून कडक आहे. पोर्टेजच्या वाटेवर बंदूक भरायची नाही म्हणजे नाही. ग्राउज सकाळी खडे टिपायला नेमका पोर्टेजच्या वाटेवर येतो, अगदी समोर उभा राहतो, मोह होतो. पण वळणापलीकडून डोक्यावर कनू घेतलेला माणूस येत असतो. त्याला समोरचं चार पावलांपलीकडे दिसत नाही आणि तुम्हाला तो दिसत नाही. कनूत बंदूक रिकामी, पिशवीत बंद, आणि दोराने बांधलेली. काडतुसं वेगळ्या पिशवीत.

खरं सांगू? शिकारीसाठी राखीव रानाच्या बाहेर एक सकाळ ठेवा. एलीच्या आसपास सुपीरिअर नॅशनल फॉरेस्टमध्ये जुन्या लाकूडतोडीचे कच्चे रस्ते पुष्कळ आहेत. तिथे चालायला सोपं आणि ग्राउज जास्त. जळालेल्या रानात पडलेल्या खोडांचा इतका गुंता असतो की शंभर पावलं जायला घाम फुटतो, आणि किनारा दिसेनासा झाला की दिशा कळत नाही. होकायंत्र गळ्यात हवंच.

बदकं सोडा. त्यासाठी केंद्र सरकारचा बदक-स्टॅम्प, राज्याचा स्टॅम्प, शिसं नसलेलीच काडतुसं, जातीनुसार वेगळ्या मर्यादा. पक्षी उडताना ओळखता येत नसेल तर बार काढू नये, आणि ती नजर एका सहलीत येत नाही.

शिधा पाचही दिवसांचा पुरता न्या, अधिक एका दिवसाचा. मासा मिळेल तो वरचा. खाण्यापिण्याचे पत्र्याचे बंद डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे, म्हणून आगळ प्लास्टिकच्या बाटलीत ओता. मेतकूट-भात, थालीपिठाची भाजणी, सुकी चटणी, तूप, गूळ, दाणे. कोळंबीचं सुकट मोटारीत ठेवून या. अस्वलाला मैलभरावरून वास येतो. अन्न एकतर अस्वलाला उघडता येणार नाही अशा प्रमाणित डब्यात, नाहीतर जमिनीपासून 12 फूट उंच आणि खोडापासून 6 फूट लांब टांगायचं, असा तिथला आदेश आहे. जळालेल्या भागात तेवढ्या जाड फांदीचं झाड सापडणं कठीण, म्हणून डबाच भाड्याने घ्या. माशाची आतडी-काटे पाण्यात टाकायचे नाहीत. तळापासून, वाटेपासून आणि किनाऱ्यापासून 200 फूट आत नेऊन सहा-आठ इंच मातीखाली पुरायचे.

परमिट : 1 मे ते 30 सप्टेंबर रात्रीच्या मुक्कामासाठी प्रवेशबिंदूवार कोटा असतो. आरक्षण जानेवारीअखेर उघडतं. लेक वन लोकप्रिय आहे, लवकर पकडा. परमिट त्या तारखेलाच आणि त्या बिंदूवरूनच चालतं. आरक्षण करतानाच पर्यायी गटप्रमुख म्हणून मेव्हण्याचंही नाव घाला. तुम्हाला ऐनवेळी ताप आला तर परमिट वाया जायला नको.

कनू तीन बैठकांची, 20 फुटी घ्या, केव्हलारची म्हणजे वजनाला हलकी. नवख्याला वाऱ्यात एकटं वेगळ्या कनूत बसवू नका.


सुपीरिअरकाठची :

डोंगेवाला दादांनी पुष्कळ सांगितलं आहे. मी फक्त थंडीबद्दल लिहिते, कारण आतेभावाबद्दल वाचून काळजी वाटली.

सप्टेंबरअखेर दुपारी स्वेटरवर भागतं, पहाटे पाणी गोठायच्या आसपास पारा जातो आणि पाऊस आला की दिवसभर अंगातली हुडहुडी जात नाही. मालवणात पोहणाऱ्या माणसाला वाटतं, पडलो तर पोहत जाईन. गार पाण्यात पोहता येण्याचा उपयोग फार थोडा. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी शिकवलेला '1-10-1' हा हिशेब त्याला पाठ करायला लावा : पहिला एक मिनिट श्वासावर ताबा मिळवायचा, मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे बहुतेक माणूस थंडीने जायच्या आधी बुडून जातो, कारण हात चालेनासे होतात. लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच तो तास मिळतो. कायद्याला जॅकेट हाताशी असलं तरी पुरतं, पण तुम्ही तिघं ते पाण्यावर असेपर्यंत अंगातून काढू नका, गळ टाकताना तर नाहीच.

सुती कपडे घरी ठेवा, जीन्स तर नकोच. लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर घाला. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि लोकरीचे मोजे जलरोधक पिशवीत, फक्त झोपायच्या वेळी घालायला. झोपायची पिशवी गोठणबिंदूच्या खालची घ्या. तंबूशिवाय एक मोठी ताडपत्री न्या. पावसात स्वयंपाक आणि गप्पा तिच्याखालीच होतात.

मोबाइल आत चालत नाही. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या. पण आतेभावाला आवडला म्हणून तो भारतात न्यायला देऊ नका. परवानगीशिवाय असं उपकरण तिथे नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक अडकले आहेत.


टोरांटोकर :

कोणी 'त्यापेक्षा कॅनडात या' म्हणायच्या आत सांगतो. सीमेपलीकडचं क्वेटिको पार्क कनूसाठी अप्रतिम आहे, पण तिथे शिकारीला बंदी आहे. अल्गोंक्विनमध्येही पार्कच्या बहुतेक भागात बाहेरच्या माणसाला शिकार करता येत नाही. सीमेवरून बंदूक आणायची म्हणजे वेगळे कागद, शिवाय तुमच्या मेव्हण्याचे आणि आतेभावाचे व्हिसे. तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर मिनेसोटाच बरोबर. सीमेवरच्या तलावात उतरलात, उदाहरणार्थ बासवुड किंवा सगनागा, तर तलावाच्या मधून सीमा जाते हे लक्षात ठेवा. पलीकडच्या पाण्यात गळ टाकायचा तर ऑन्टारियोचा परवाना लागतो.


भिगवणप्रेमी :

मला हा धागा वाचून वाईट वाटलं. पाच दिवस इतक्या सुंदर जागी जायचं आणि पक्षी मारायचे? मी दर हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला जातो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली म्हणून थोडंफार काही शिल्लक आहे. दुर्बीण घेऊन गेलात तर नाही का चालणार? कोणाला दुखवायचं नाही, पण बोलल्याशिवाय राहवलं नाही.


डोंगेवाला :

भिगवणप्रेमी, बोललात हे चांगलं केलंत. 1972 चा कायदा आपल्याकडे हवाच होता आणि हवाच आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नवेगावचं रान त्याच्याच आधाराने टिकलं.

इथलं गणित वेगळं आहे म्हणून लिहितो. रफ्ड ग्राउजची संख्या इथे साधारण दहा वर्षांच्या फेऱ्याने वर-खाली होते, आणि तिचा खरा आधार म्हणजे कोवळं रान. ते म्हातारं झालं की पक्षी कमी होतो. ते रान राखायला पैसा लागतो. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर आहे, तो 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. परवान्यांचे पैसे वेगळे. आणि जिथे संख्या घटली तिथे बंदुका खाली ठेवल्या गेल्या : मिनेसोटात मूस या प्रचंड मोठ्या हरणाची संख्या कोसळली तेव्हा राज्याने 2013 पासून त्याचा शिकारीचा हंगाम बंद केला, तो अजून बंद आहे.

आणखी एक. हा सगळा मुलूख 1854 च्या तहात इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी अमेरिकेला दिला, तो शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून. ग्रँड पोर्टेज, बॉइस फोर्ट आणि फाँ दु लाक इथल्या त्यांच्या समाजाकडे तो हक्क आजही आहे. या पाण्यातून पोट भरणं ही इथली फार जुनी रीत आहे. आपण पाहुणे. जेवढं खाऊ तेवढंच घ्यायचं, आणि जखमी पक्षी सापडेपर्यंत शोधायचा, अंधार पडला तरी. ज्याला हे पटत नाही त्याने दुर्बीणच न्यावी, आणि मीही बरेचदा तेच करतो. त्या आठवड्यात लून हे पाण्यात बुड्या मारणारे पक्षी दक्षिणेला निघायच्या तयारीत असतात. लूनसाठीच कर्लीकाठ यांना एक विनंती : शिशाची वजनं वापरू नका. तळाशी पडलेलं शिसं लून खड्यांबरोबर गिळतो आणि मरतो. टंगस्टनचे किंवा कथलाचे जिग एलीत मिळतात.


भिगवणप्रेमी :

मूसचा हंगाम बंद केला हे मला माहीत नव्हतं. मन अजून वळलेलं नाही, पण तुम्ही नीट समजावून सांगितलंत. कर्लीकाठ, लूनचे फोटो काढलेत तर इथे नक्की टाका.


कर्लीकाठ :

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तिघांचा कॉल झाला.

ॲलिस आणि इन्सुला रद्द. लेक फोरवर तळ, चार रात्री. बदकं रद्द, लेक ट्राउट रद्द. मेव्हणा म्हणाला, वकिलाला आजच मेल करतो आणि कोर्सला नाव घालतो. वकिलाचं उत्तर आणि परवाना दोन्ही हातात नसेल तर तो बंदुकीच्या वाटेला जाणार नाही. आतेभावाला 1-10-1 सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की समुद्रावर आमच्याकडेही जुनी माणसं हेच सांगतात, गारठलेल्या हाताने दोर धरता येत नाही.

आता दोन शंका उरल्या. पहिल्या दिवशी मिनिआपोलिसहून सकाळी निघून त्याच दिवशी लेक फोर गाठता येईल का? आणि आतेभावाला मासा रवा लावून तळायचाच आहे, अस्वलांमुळे ते टाळावं का?


डोंगेवाला :

त्याच दिवशी नको. मिनिआपोलिस ते एली चार तासांहून जास्त, मग परमिट घ्यायला रेंजर स्टेशन, तिथे नियमांचा व्हिडिओ आणि प्रश्नोत्तरं, मग कनू ताब्यात घेणं. लेक वनवर तुम्ही दुपारी दोन-तीनला उतराल, नेमका वारा जोरात असताना. तळाच्या जागा आधी येईल त्याला मिळतात. लोखंडी चुलीची जाळी असलेल्या ठरावीक जागीच राहता येतं, त्यामुळे उशिरा पोचलात तर अंधारात जागा शोधत फिरावं लागेल. आदल्या रात्री एलीत मुक्काम करा. परमिट आदल्या दिवशीही मिळतं. वेळ उरला तर लांडग्यांचं केंद्र आतेभावाला दाखवा, आणि आमिषाच्या दुकानात वॉलआय सध्या किती खोलीवर आहे ते विचारा. ती माणसं खरं सांगतात. सकाळी सातला लेक वनवर उतरलात तर दुपारच्या जेवणाला लेक फोरवर असाल.

मासा खुशाल तळा. दुपारी तळा, रात्री नको, आणि तंबूपासून लांब, चुलीपाशीच. तळल्यावर तेल गाळून त्याच बाटलीत भरा आणि अन्नाच्या डब्यात ठेवा, जमिनीवर ओतू नका. मासा साफ करताना घातलेले कपडे तंबूत नेऊ नका. तव्याला रवा चिकटलेला असेल तर तो खरवडून कचऱ्याच्या पिशवीत भरून सोबत परत न्या आणि तवा पाण्यापासून 150 फूट आत नेऊन धुवा.

तिरफळं मात्र वॉलआयला जपून. बांगड्यासारखा तेलकट मासा नाही तो, चव नाजूक आहे, दोन दाण्यांत झाकली जाते. तिरफळं पाईकच्या कालवणाला ठेवा.